ट्रेडिंगसाठी घरी कॉम्प्युटर जुळवताय? प्रोसेसर नंतर बघा, आधी लाईट आणि नेट बघा

घरातला मुलगा डिग्री करून बसलेला. मोबाईलवर डिमॅट खातं उघडलेलं. एक दिवस तो अब्बांसमोर यादी ठेवतो, "ट्रेडिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायचाय, लाखभर लागतील." माहूरसारख्या गावातही ही बोलणी आता नवी राहिलेली नाहीत. यादी यूट्यूब बघून केलेली असते: चार स्क्रीन, भारी ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे पंखे. त्यातल्या निम्म्या वस्तू लागत नाहीत, आणि ज्या खरंच लागतात त्या यादीत नसतात.

एक गोष्ट आधी समजून घ्या. सौदा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये होतच नाही. बटण दाबलं की ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरकडे जाते, तिथून एक्सचेंजकडे, आणि घेणाऱ्या-विकणाऱ्याची जोडी तिथे लागते. मोठ्या ट्रेडिंग कंपन्या एक्सचेंजच्या आवारातच भाड्याने जागा घेऊन आपली मशीन ठेवतात. त्यांचा हिशोब सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात चालतो. माहूरहून ऑर्डर जायला नेट चांगलं असलं तरी सेकंदाचे काही शतांश जाणारच. म्हणजे प्रोसेसर दहा हजारांचा घ्या की चाळीस हजारांचा, त्या शर्यतीत आपण नाहीच. घरच्या मशीनचं काम एवढंच, की चार्ट न अडकता दिसावेत आणि सकाळी 9:15 ते दुपारी 3:30 ते बंद पडू नये.

त्यासाठी कोअर आय3-12100 किंवा रायझन 5 5600जी या दर्जाचा प्रोसेसर भरपूर झाला. दोन्हींत ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड नको. फक्त इंटेलच्या नावापुढे 'एफ' अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. स्वस्त दिसतं म्हणून ते उचलू नका. रॅम 16 जीबी, शक्यतो 8-8 च्या दोन पट्ट्या. ब्राउझरमध्ये दहा-बारा चार्ट उघडले की खरी ओढाताण रॅमची होते. हार्डडिस्कऐवजी 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी. मदरबोर्ड घेताना मागे मॉनिटरसाठी दोन जागा आहेत का ते बघा, म्हणजे एकावर चार्ट आणि दुसऱ्यावर ऑर्डर ठेवता येते. तिसऱ्या स्क्रीनची गरज मला तरी कधी पटलेली नाही.

एसएमपीएसवर मात्र कंजूषी नको. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा बिननावाचा एसएमपीएस व्होल्टेज वर-खाली झालं की स्वतः जातो आणि कधीकधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा, 80 प्लस ब्रॉन्झ लिहिलेला 450 वॅटचा पुरतो. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसते.

आता लाईट. ग्राफिक्स कार्ड नसलेला पीसी आणि दोन मॉनिटर मिळून साधारण 120 वॅट धरा. 600 व्हीएचा यूपीएस नवा असताना त्यावर पंधरा-वीस मिनिटं काढतो. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो. सगळ्यात जास्त विसरला जातो तो राऊटर. पीसी यूपीएसवर चालू, पण राऊटर बंद, म्हणजे समोर गोठलेला भाव! राऊटरसाठी छोटा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तो घ्याच. फायबर तुटली तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाईल हॉटस्पॉटला तयार ठेवा. ब्रोकरचं अ‍ॅप त्याच मोबाईलवर, आणि फोनवरून ऑर्डर घेणारा नंबर कागदावर लिहून भिंतीवर लावा.

तरीही लाईट जाणारच. म्हणून स्टॉपलॉस मनात ठेवायचा नसतो. स्टॉपलॉसची ऑर्डर टाकली की ती त्या दिवसापुरती एक्सचेंजकडे पडून राहते, तुमचं मशीन बंद असलं तरी. जुम्मा बाजाराच्या वेळेतच येतो. मशिदीत बसून मोबाईल चाळण्यापेक्षा हे बरं. कॉम्प्युटरवर लावलेला नुसता अलार्म मात्र मशीनबरोबरच झोपतो. अचानक मोठी घसरण झाली तर ठरवलेल्या भावाला विक्री होईलच असंही नाही, हे धरून चाला.

आणि पैशाचं स्पष्ट बोलू. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 1 कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या, खर्च धरून सरासरी माणशी सुमारे 2 लाख रुपये. शेअरच्या इंट्राडेतही 2022-23 मध्ये दहापैकी सात जण तोट्यातच होते. मशीन चांगलं घेतल्याने हे आकडे बदलत नाहीत. यात काय जायज, काय नाजायज, हे आलिमांना विचारा. पण ब्रोकरची मार्जिन ट्रेडिंग सोय उधारीवर असते आणि तिच्यावर व्याज लागतं, एवढं माहीत असू द्या. कॉम्प्युटरच्या 'झिरो टक्के' हप्त्यातही प्रोसेसिंग फी किंवा गेलेली रोख सूट लपलेली असते.

म्हणून माझं मत असं, की घरात चालणारा लॅपटॉप असेल तर नवीन काही जुळवू नका. त्याला एक मॉनिटर जोडा. बॅटरी तर त्यात आहेच. काही महिने डिलिव्हरीचे थोडे सौदे करून हिशोब वहीत लिहा, मग ठरवा.

जुळवायचंच असेल तर नांदेडमध्ये भाव काढा. हैदराबादला लग्नकार्याला जाणं झालं तर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्येही विचारून या. पण वॉरंटीसाठी परत तिथेच जावं लागेल का, हे आधी विचारा. प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. ऑफिसातून निघालेला जुना पीसी घेत असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या. विंडोज 10 ची नेहमीची मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली आणि विंडोज 11 त्याआधीच्या मशीनवर रीतसर बसत नाही. दुकानदार "चालतंय की" म्हणेल. त्याला तिथेच चालू करून दाखवायला सांगा.