सौर पंप, भूजल आणि वाचलेल्या विजेचे मोल

शेतीस स्वच्छ ऊर्जेची जोड द्यावी, याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. परंतु ही जोड कोणत्या रीतीने द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. प्रस्तुत टिपणात सौर पंपाच्या उदाहरणावरून त्याच्या एका अंगाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ऊर्जेचा हिशेब पाहू. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी ३० मीटर खोलीवरून वर आणण्यास सुमारे २९४ किलोज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. पंपाची एकंदर कार्यक्षमता ४० टक्के मानल्यास एका युनिटात सुमारे पाच घनमीटर पाणी उपसता येते. हीच खोली ९० मीटर झाली की ते प्रमाण एक-तृतीयांशावर येते. डिझेल विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास पाण्याची पातळी खाली गेल्याचे वाढत्या खर्चावरून तत्काळ कळते, व तो खर्चच उपशावर लगाम ठेवतो. सौर पंपाचा बहुतेक सर्व खर्च आरंभीच होऊन जातो; पुढे उपसलेल्या प्रत्येक जादा घनमीटराचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. धूर गेला, रात्री-अपरात्री पाणी देण्याचे कष्ट गेले, हा लाभ निर्विवाद होय. पण त्याबरोबर लगामही गेला.

२०१९ साली मान्य झालेल्या प्रधानमंत्री कुसुम योजनेत स्वतंत्र सौर पंपांस अनुदान आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत तर सर्वसाधारण शेतकऱ्याने केवळ १० टक्के, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अशा पंपाची जी वीज पाण्यासाठी लागत नाही, ती बहुधा वायाच जाते. साहजिकच ती उपशासाठी वापरून टाकण्याकडे कल होतो.

यावर एक उपाय गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी योजण्यात आला. तेथे सहा शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळीने २०१६ पासून आपल्या सौर पंपांची शिलकी वीज वीज-कंपनीस विकण्यास प्रारंभ केला. युनिटास ४ रुपये ६३ पैसे हा दर २५ वर्षांसाठी ठरला. या दराने वरील हिशेब पुन्हा मांडला, तर ३० मीटरवरील एका घनमीटर पाण्यामागे सुमारे ९३ पैशांच्या, तर ९० मीटरवर सुमारे २ रुपये ७८ पैशांच्या विक्रीवर पाणी सोडावे लागते. म्हणजे पाण्याचा हरवलेला खर्च संधिखर्चाच्या रूपाने परत येतो. ऊन हेही एक पीक ठरते, आणि त्यास दुष्काळाचे भय नसते.

तथापि या उपायास मर्यादा आहेत. उसासारख्या पिकात एका घनमीटर पाण्याचे उत्पन्न याहून अधिक येत असेल, अथवा शेजाऱ्यास पाणी विकणे वीज विकण्यापेक्षा फायद्याचे असेल, तर उपसा थांबणार नाही. शिवाय महाराष्ट्राचा बहुतांश भाग कठीण बेसाल्टाचा आहे. त्यात पाणी प्रामुख्याने कुजलेल्या थरात व भेगांतच साठते. हा साठा थोडा, आणि अनेकांत सामाईक. तेव्हा वीजविक्रीचा दर हा गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून ठरविलेल्या पीकमर्यादेस पूरक ठरेल, पर्याय नव्हे.

२०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळील प्रकल्पातून शेतीस दिवसा वीज देण्याची व्यवस्था आहे. तीही उपयुक्त आहे. मात्र तीत एक युनिट वाचविणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात त्या युनिटाचे मोल पडत नाही. सौर ऊर्जेच्या योजनांचे यश किती पंप बसले यावर मोजले जाते. उन्हाळ्यात विहिरीत पाणी किती उरले, हे माप त्याच्या शेजारी ठेवल्याखेरीज त्या शाश्वत आहेत असे म्हणता येणार नाही. ही दोन्ही मापे एकाच गावी वर्षानुवर्षे घेणे, हे काम अभ्यासकांनी अंगावर घेण्याजोगे आहे.