एका इलेक्ट्रॉनची देणीघेणी

उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माणसाला मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाहून धनको-ऋणको आठवावेत, यात नवल नाही. सारणीच्या डाव्या टोकाला लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे अल्क धातू. त्यांच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो कधी एकदा देऊन टाकतो अशी घाई. उजवीकडे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही हॅलोजन मंडळी. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन सात. आठव्यासाठी जीव टांगणीला लागलेला.

देणाऱ्यांत जो थोरला, तो अधिक उतावळा. लिथियम पाण्यात नुसते फसफसते, सोडियम वितळून गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा धावते, तर पोटॅशियम टाकताच फिकट जांभळी ज्योत उठते. अणू मोठा, तितका बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर आणि पकड सैल. घेणाऱ्यांत उलटा न्याय. तिथे सर्वांत धाकटे फ्लोरिनच सर्वांत हावरे. ते सुटे करण्याच्या खटपटीत काही संशोधकांनी प्राण गमावले. अखेर १८८६ मध्ये हेन्री म्वासाँ यांना ते साधले.

हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये कॉस्टिक सोड्यातून वीज खेळवून सोडियम वेगळे केले. पाण्याशी भांडणारा हा धातू आणि घसा जाळणारा हिरवट पिवळा क्लोरिन वायू यांचा व्यवहार पुरा झाला, की आपल्या ताटात सर्वांत आधी वाढले जाणारे मीठ तयार होते. दोघेही शांत!

पण व्यवहार कोणाशी होतो, यावर सारे अवलंबून. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरिन वाऱ्यावर सोडला. देखरेख फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाची. फुप्फुसांतल्या ओलाव्यात क्लोरिन मिसळला, की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस ही आम्ले बनतात. कोरड्या जमिनीवर माणसे बुडाल्यागत गुदमरली.

गंमत पाहा, हेच हायपोक्लोरस आम्ल नळाच्या पाण्यातले रोगजंतू मारते. ईप्रच्या सात वर्षे आधी, १९०८ मध्ये, अमेरिकेतल्या जर्सी सिटीने शहराचे पाणी याच मार्गाने निर्जंतुक करायला सुरुवात केली होती.

रसायन तेच, अभिक्रिया तीच. क्लोरिनला ना दया, ना वैर. त्याला हवा असतो एक इलेक्ट्रॉन. त्याला पाण्याच्या टाकीत पाठवायचे की खंदकातल्या माणसाच्या छातीत, हा हुकूम माणूस काढतो. बँकेत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. कागदावर ज्याची सही, जबाबदारीही त्याचीच.