बालाघाटच्या वृक्षराजीचे ऋतुमान

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले असून भालचंद्र गणेशाचे स्थान म्हणून ते परिचित आहे. फाल्गुनाच्या अखेरीस या भागातून जाणाऱ्यास डोंगर निष्पर्ण व उजाड भासतो. वस्तुतः याच काळात येथील अनेक वृक्ष फुलावर येतात. पानझडी वनातील वृक्ष पाणी वाचविण्यासाठी पाने गाळतात आणि फांद्या मोकळ्या असतानाच फुलतात; त्यामुळे मधमाश्या व पक्ष्यांना फुले दुरूनही दिसतात. कोणता वृक्ष केव्हा फुलतो व त्याचे बी केव्हा पक्व होते, याची पद्धतशीर नोंद ठेवणे म्हणजेच ऋतुनिरीक्षण होय.

बीडची गणना अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत होते. १९७२ च्या दुष्काळाची स्मृती येथे अद्याप पुसलेली नाही. अशा भागात स्थानिक वृक्ष टिकविण्याचे प्रयत्न होत आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ मध्ये मयूर अभयारण्य घोषित झाले. बीड शहरानजीक पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई प्रकल्प उभा राहिला आणि तेथे १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिले वृक्षसंमेलन भरले. त्या संमेलनाचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडास देण्यात आले होते. तथापि, रोप लावल्याने काम संपत नाही. दुर्मिळ वृक्षाचे पुढील पिढीचे बी हाती येणे हे त्याच्या नोंदीवर अवलंबून असते.

वर्षाचा क्रम

पौष-माघापासून कांडोळ फुलू लागतो. कागदासारखे पापुद्रे सुटणारी त्याची पांढरी साल चांदण्यात उठून दिसते. पाठोपाठ गणेर पिवळ्याधमक फुलांनी भरतो. पळस, पांगारा व काटेसावर यांचा बहर शिशिराच्या उत्तरार्धात येतो. चैत्रात अंजनाला तांबूस पालवी फुटते. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. याच सुमारास मेढशिंगीची पांढरी फुले रात्री उमलतात. मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या शेंगेवरून तिला हे नाव मिळाले.

झुडपांचे वेळापत्रक निराळे आहे. वाघाटी ही काटेरी वेल उन्हाळ्याच्या आरंभी फुलते आणि तिची फळे आषाढाच्या सुमारास भाजीजोगी होतात. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस वाघाटीच्या भाजीने सोडण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पंचांगातील तिथी व रानातील फळ यांची ही सांगड पूर्वजांच्या निरीक्षणाचीच साक्ष होय. पावसाळ्यात मुरुडशेंगेला विटकरी लाल फुले येतात व जुनी होताच ती शिसवी निळसर होतात. तिची पिळदार शेंग हिवाळ्यात वाळते.

नोंद का महत्त्वाची?

बियांची उगवणशक्ती सर्वत्र सारखी नसते. लिंबोळी मृगाच्या सुमारास पिकते, पण तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच झपाट्याने घटते. ती ताजीच पेरावी लागते. उलट बहाव्याचे बी कठीण कवचामुळे दीर्घकाळ टिकते, परंतु गरम पाण्याची प्रक्रिया किंवा कवच घासणे याशिवाय ते सहजी रुजत नाही. अंजनाच्या पातळ, पंखासारख्या शेंगा उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडून जातात आणि या वृक्षाला भरघोस बी दरवर्षी येत नाही. असे वर्ष तीन ते पाच वर्षांतून एकदाच येते. ते वर्ष हुकले की रोपवाटिकेला पुन्हा प्रतीक्षा करावी लागते. स्थानिक वृक्ष लावण्याची इच्छा असूनही सहज मिळणाऱ्या गिरिपुष्प, सुबाभूळ वा गुलमोहराचीच रोपे खड्ड्यात जातात, याचे एक कारण बी वेळेवर गोळा न होणे हेच आहे.

दुसरे कारण हवामानातील बदलाचे आहे. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून उपलब्ध आहेत. २०२१ मध्ये तेथील पूर्ण बहर २६ मार्चला आला. बाराशेहून अधिक वर्षांत इतका लवकर बहर नोंदला गेला नव्हता. जुनी नोंद होती म्हणूनच हा बदल कळला. आपल्याकडे बहावा फुलल्यानंतर सुमारे ४५ दिवसांनी पाऊस येतो, असा समज रूढ आहे. दुबार पेरणीचे संकट ओढवू शकणाऱ्या शेतकऱ्याने केवळ अशा समजावर विसंबून राहणे इष्ट नाही. दहा-पंधरा वर्षांची बहाव्याची व पर्जन्यमापकाची नोंद शेजारी-शेजारी ठेवली, तरच त्यातील तथ्य पारखता येईल.

पद्धत सोपी

यासाठी मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या, मंदिराच्या वा गायरानाच्या परिसरातील काही झाडांना क्रमांक द्यावेत. दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी त्याच झाडांजवळ जावे. कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे व पक्व फळे या प्रत्येकाची ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढीच नोंद करावी. फुलांवर येणारे पक्षी व कीटक आणि त्या आठवड्याचा पाऊसही लिहावा. झाडाला फूल नसले तरी तशी नोंद करावी, कारण ‘नाही’ हीदेखील माहितीच असते. देशभर शाळा व नागरिकांच्या साहाय्याने चालणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम याच धर्तीचा आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे प्रमुख कार्य आहे. अनेकदा अशा नोंदवहीत वृक्षांची केवळ नावे असतात. शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी तीत समाविष्ट झाल्यास ती जिवंत दस्तऐवज बनेल. गुराखी, मेंढपाळ व वयोवृद्ध स्त्रिया यांना रानाची माहिती पाठ असते. त्यांच्याबरोबर ती लुप्त होण्यापूर्वी कागदावर उतरणे अगत्याचे आहे.

लिंबागणेश परिसरातील प्रत्येक शाळेने पाच झाडांपासून आरंभ केला, तरी काही वर्षांत कोणत्या वृक्षाचे बी कोणत्या आठवड्यात वेचावे, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरातून सांगता येईल. पुढचा अंजन लावण्यासाठी लागणारे पहिले साधन ही वहीच आहे.