आकाशउडीचा पोशाख

माणसाचे कपडे त्याच्या कामाप्रमाणे घडत जातात. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी थंडी आणि पाऊस दोन्ही अडविते. शेतकऱ्याचे मुंडासे उन्हापासून डोके राखते आणि प्रसंगी डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळीचेही काम करते. पण काही काळ हवेतून खाली पडत राहणे हेच ज्याचे काम, त्याने कोणते कपडे घालावेत? हा प्रश्न विनोदी वाटेल. परंतु अमेरिकेत, युरोपात आणि आता इतर देशांतही हजारो लोक हौसेने विमानातून उड्या घेतात, आणि त्यांना तो गंभीरपणे सोडवावा लागतो.

या खेळात विमान साधारणपणे चार हजार मीटर उंचीवर जाते. उडी घेताच पॅराशूट उघडत नाहीत. सुमारे एक मिनिटभर उडी घेणारा पालथा होऊन, हातपाय पसरून मोकळा पडत राहतो. पहिल्या दहाबारा सेकंदांत त्याचा वेग वाढत जातो आणि मग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. खाली ओढणारे वजन आणि वर रेटणारा हवेचा विरोध यांची त्या वेळी बरोबरी झालेली असते.

जड व हलक्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात, असे आपण विज्ञानात शिकतो. निर्वात जागेत ते खरे आहे. हवेत मात्र जड गडी पुढे जातो. समजा, दोन मित्रांची अंगलट सारखीच आहे, पण सामानासह एकाचे वजन ७० किलो आणि दुसऱ्याचे १०५ किलो, म्हणजे दीडपट आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दुसऱ्याचा वेग दीडपट होत नाही. तो सुमारे सव्वापट होतो. पहिला ताशी १८० किलोमीटर वेगाने पडत असेल, तर दुसरा २२० किलोमीटर वेगाने पडेल. दर सेकंदाला दोघांत अकरा मीटर अंतर पडेल. दहा सेकंदांत दुसरा मित्र तीसमजली इमारतीच्या उंचीहूनही अधिक खाली गेलेला असेल! आणि या खेळाची खरी गंमत तर अशी, की अनेकांनी हवेत एकमेकांजवळ येऊन हात धरावयाचे आणि आकृत्या रचावयाच्या. वेग जुळले नाहीत, तर एक तर भेट होत नाही, किंवा वरचा खालच्यावर येऊन आदळतो.

ही तफावत बऱ्याच अंशी शिंप्याची कात्री भरून काढते. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध असलेल्या या पोशाखाला जंपसूट म्हणतात. जड माणसाचा जंपसूट सैल आणि सुती मिश्रणाच्या, किंचित खरबरीत कापडाचा शिवतात. तो वारा अधिक अडवितो आणि माणसाचा वेग कमी होतो. हलक्या माणसाला अंगालगत बसणारा, गुळगुळीत नायलॉनचा पोशाख देतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर त्याच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. वजन कमी करण्यासाठी झटणाऱ्या जगात मुद्दाम वजन वाढविणारी ही मंडळी निराळीच म्हणावयाची.

आरंभी उड्या घेणारे लोक सैन्यातील जुने डगले वापरीत. १९७० च्या दशकात फुगीर पोशाखांची लाट आली. बाह्या घंटेसारख्या रुंद, आणि काखेपासून कमरेपर्यंत पंखाप्रमाणे कापड. पुढे ही सैलाई ओसरली आणि पोशाख अंगाबरोबर आले. काखेतले पंख आज मुख्यतः छायाचित्रकाराच्या पोशाखाला असतात. हात पसरले की त्याचा वेग मंदावतो आणि आवळले की वाढतो. अशा रीतीने तो इतरांच्या मागेपुढे न होता त्यांचे चित्रण करू शकतो.

चौघांच्या स्पर्धेत ३५ सेकंदांत जितक्या आकृत्या रचता येतील तितक्या रचावयाच्या असतात. पाचवा गडी हेल्मेटवर कॅमेरा बांधून वरून चित्रण करतो आणि परीक्षक ते चित्रण पाहून गुण देतात. या गड्यांच्या पोशाखाला दंडांवर आणि पायांवर कापडाच्या भरीव मुठी शिवलेल्या असतात. सोबत्याने पकडावे ते याच मुठीला. म्हणून त्यांचा रंग बाकीच्या पोशाखाहून अगदी उठून दिसेल असा घेतात. निळ्या पोशाखावर पिवळी मूठ असली, तर ती धरणाऱ्याला चटकन सापडते आणि मूठ खरोखर धरली की नुसता हात लागला, हे परीक्षकालाही कळते. कॅमेरा वरून खाली पाहत असल्यामुळे चित्रात गड्यांच्या पाठीमागे शेते आणि राने येतात. तेथे हिरवा अगर मातकट पोशाख विरून जातो.

माणसे वाढली की रंगाचे काम आणखी वाढते. ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमध्ये ४०० जणांनी एकमेकांना धरून आकाशात एकच आकृती रचली. इतके लोक एका विमानात मावत नाहीत. निरनिराळ्या विमानांतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपली जागा काही सेकंदांत हुडकावयाची असते. अशा मोठ्या रचनांत प्रत्येक विभागाला रंग नेमून देण्याची पद्धत आहे. शेकडो माणसांत चेहरा कोण पाहणार? लांबून दिसतो तो रंगच.

असा पोशाख बहुधा मापे देऊन शिवून घेतात. कारखाना एक कागद पाठवितो. त्यावर पोशाखाची पुढची व मागची बाजू रेखाटलेली असते आणि कापडाच्या एकेका तुकड्यात गिऱ्हाइकाने आपल्या आवडीचा रंग भरावयाचा असतो. नवख्यांचा सगळा वेळ या रंगकामात जातो आणि मापे देताना मात्र ते घाई करतात. व्हावयास हवे ते नेमके उलट. खांद्यात पोशाख आवळला, तर हात पुरेसा मागे जात नाही. आणि पॅराशूट उघडण्याची मूठ तर पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या बाजूला असते. पोशाख ढगळ झाला, तर वाऱ्याने फडफडणारे कापड त्या मुठीवर येऊन ती झाकू शकते. छातीवरही दोन मुठी असतात. मुख्य पॅराशूट बिघडले, तर एकीने ते सोडून द्यावयाचे आणि दुसरीने राखीव पॅराशूट उघडावयाचे. त्या नजरेला दिसल्या पाहिजेत आणि हाताला लागल्या पाहिजेत. जमीन जवळ येत असता कापड बाजूला सारीत बसण्यास सवड नसते.

रंगाविषयी आणखी एक साधी गोष्ट. उतरताना पुष्कळदा गवतावर किंवा मातीवर घसरत बसावे लागते. म्हणून गुडघ्यांवर आणि बैठकीवर जाड, चिवट कापड लावतात आणि ते गडद रंगाचे घेतात. तेथे पांढरा रंग निवडणाऱ्याची हौस पहिल्याच पावसाळी दिवशी फिटते.

पोशाखाच्या या विचारात आपल्याकडील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून सुमारे चार हजार मीटर उंचीवरून उडी घेतली. सव्वाआठ मीटर मोकळे कापड आणि त्या उंचीवरचा वारा ही जोडी धोक्याची खरीच. म्हणून साडी जागोजाग टाचून पक्की करावी लागली. पण नऊवारीचा एक गुण येथे उपयोगी पडण्यासारखा होता. पॅराशूटचे दोन पट्टे दोन्ही मांड्यांभोवती वेगवेगळे आवळावे लागतात. पाचवारी साडीत ते नीट बसणे कठीण. नऊवारीचा कासोटा मात्र दोन्ही पाय मोकळे ठेवतो. साडीवरून पट्टे आवळून, हेल्मेट, चष्मा आणि बूट चढवून त्या विमानाच्या दारात उभ्या राहिल्या.