मृग लागतो, पण दिसत का नाही?

'मृग लागला' हे शब्द मी शाळेत जाऊ लागण्याआधीपासून ऐकत आलो आहे. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो आणि घरात बियाण्याच्या पैशांची ओढाताण सुरू होते. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, "आबा, ह्यो मृग असतो कुठं?" ते म्हणाले होते, "वर. ढगामागं." आबा चौथी शिकलेले. त्या उत्तरावर मी बारा वर्षे काढली.

गेल्या वर्षी, प्रथम वर्षाला असताना, डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका रात्री आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला. महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. आमच्याकडे आलेली मंडळीही हौशीच होती. एक बँकेत कारकून, एक शिक्षक, एकाचे औषधांचे दुकान. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासून तयार केला होता. आल्या आल्या त्यांनी शाळेपुढचा दिवा बंद करायला लावला आणि आमच्या विजेऱ्यांना लाल कागद गुंडाळला. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या उजेडाची एक तिरीप पडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मंद लाल उजेडाने तितके बिघडत नाही.

साडेनऊच्या सुमारास त्यांनी पूर्वेकडे वर आलेला मृग दाखविला. चार ताऱ्यांचे चार पाय आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ खाली वाढविली की बाण मारणारा व्याध सापडतो. उलट दिशेला वाढविली की रोहिणी. रोहिणीचा जो प्रकाश आपण पाहतो तो सुमारे ६५ वर्षांपूर्वी तेथून निघालेला असतो, हे ऐकून सारे चकित झाले. मी मात्र निराळ्याच विचारात होतो. जूनचा मृग डिसेंबरात कसा?

शिबिरात प्रश्न विचारणारी मुले ठरलेली होती. त्यांत मी नव्हतो. तरीही विचारले. दोघे-तिघे हसले. शिक्षक हसले नाहीत. त्यांनी एक विजेरी मैदानात मधोमध उभी केली. "हा सूर्य." एका मुलाला दूर कुंपणापाशी उभे केले. "हा मृग. आणि तू पृथ्वी." मला त्यांनी असे उभे केले की विजेरी माझ्या आणि त्या मुलाच्या मध्ये आली. मग विजेरीभोवती अर्धी फेरी मारायला लावली. आता विजेरी पाठीशी होती आणि तो मुलगा समोर.

तेवढ्यात सारे उलगडले. पृथ्वी फिरते म्हणून आपल्याला सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून सरकताना भासतो. प्रत्येकात साधारण साडेतेरा दिवस. 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. त्या दिवसांत मृग सूर्याबरोबरच उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. आभाळ निरभ्र असले तरी तो दिसायचा नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडच्या बाजूला जाते आणि तोच मृग मध्यरात्री माथ्याजवळ येतो.

घरी गेल्यावर चूल, पाट आणि तांब्या घेऊन मी हे सारे आबांना दाखविले. ते शांतपणे पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजे तिकांडं की रं!"

हिवाळ्यात रात्रीच्या पाण्याच्या पाळीला ते त्या तीन चांदण्यांवरून वेळ ओळखतात. तिकांडं माथ्यावर आलं की निम्मी रात. "पर संक्रांतीनंतर त्याचा भरवसा नाही, लवकर येतं," असेही ते म्हणाले. बरोबरच आहे, तारे रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. आबांना मृग ठाऊक होता आणि तिकांडंही. दोन्ही एकच, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि ते रात्री शेतात काय पाहतात, हे मीही कधी विचारले नव्हते.

यंदा मृग लागला त्या दिवशी आभाळ कोरडेच होते. आबा बांधावर उभे होते. डोळ्यांवर हात धरून सूर्याच्या दिशेने त्यांनी मान हलविली आणि मला म्हणाले, "ढगामागं न्हाय. त्याच्यामागं हाय."

(द्वितीय वर्ष, कला)