सेंद्रिय स्फटिकांतील विलंबित प्रकाश उत्सर्जन आणि अशुद्धींची भूमिका

प्रस्तावना :
अतिनील प्रकाशाने उत्तेजित केलेला अँथ्रासीनचा स्फटिक निळसर प्रकाश देतो. स्रोत बंद होताच हा फ्लुरोसन्स काही नॅनोसेकंदांत मावळतो. परंतु त्याच रंगाचा क्षीण प्रकाश पुढे काही मिलिसेकंद टिकतो. यास विलंबित फ्लुरोसन्स म्हणतात. या प्रकाशावर अशुद्धींचा कोणता परिणाम होतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

विलंबाचे कारण :
१९६३ मध्ये केपलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा तांबडा प्रकाश अँथ्रासीनवर टाकला, तेव्हा स्फटिकातून निळा प्रकाश बाहेर पडला. अँथ्रासीनच्या ट्रिपलेट अवस्थेची ऊर्जा सुमारे १.८३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. असे दोन ट्रिपलेट एक्सायटॉन एकत्र आले, की ३.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा उपलब्ध होते. सिंगलेट अवस्थेस सुमारे ३.१५ पुरेसे असल्याने निळे उत्सर्जन शक्य होते. ही भेट होईपर्यंत ट्रिपलेट टिकला पाहिजे. शुद्ध स्फटिकात त्याचा आयुःकाल २० मिलिसेकंदांच्या आसपास असतो.

अशुद्धींचा परिणाम :
टेट्रासीन ही अँथ्रासीनमधील नेहमीची अशुद्धी होय. तिची ट्रिपलेट ऊर्जा सुमारे १.२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे कमी असल्याने भटकणारा एक्सायटॉन तिच्या रेणूवर अडकतो. अडकलेला व मुक्त ट्रिपलेट भेटल्यास एकूण ऊर्जा ३.०८ होते. ती अँथ्रासीनच्या सिंगलेटला अपुरी, परंतु टेट्रासीनच्या सिंगलेटला पुरेशी असते. परिणामी निळा प्रकाश घटतो व हिरवा विलंबित प्रकाश दिसू लागतो. म्हणूनच असे स्फटिक वाढविण्यापूर्वी द्रव्याचे झोन रिफायनिंग करतात. या पद्धतीत वितळलेला पट्टा कांडीवरून वारंवार सरकवून अशुद्धी एका टोकाला लोटल्या जातात.

अशुद्धी प्रकाश नेहमी मारतेच असे नाही. कार्बाझोल व त्याच्या संयुगांचा सामान्य तापमानाला दीर्घकाळ टिकणारा फॉस्फोरसन्स हा दीर्घकाळ त्या रेणूंचाच गुणधर्म मानला जात होता. सिंगापूर येथील बिन लिऊ यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बाजारातील कार्बाझोलमध्ये त्याचाच एक समघटक अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रमाणात आढळला. प्रयोगशाळेत तयार केलेल्या शुद्ध कार्बाझोलमध्ये ती दीर्घ दीप्ती दिसली नाही. समघटक मिसळताच ती परत आली.

निष्कर्ष :
विलंबित उत्सर्जनाचा रंग व आयुःकाल हे केवळ रेणूचे गुणधर्म नसून नमुन्याच्या शुद्धतेचेही निदर्शक आहेत. त्यामुळे बाटलीवरील शुद्धतेच्या टक्केवारीवर विसंबून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. पदव्युत्तर प्रयोगशाळेतही मोजमापापूर्वी नमुन्याचे शुद्धीकरण करणे आणि शक्य तेथे दोन भिन्न स्रोतांतील नमुन्यांची तुलना करणे आवश्यक आहे.