सांवेर रोडचा नकाशा : सीडीतून हार्ड डिस्कवर आणताना

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी बुटांचं एक खोकं आणून दिलं. आत नकाशांच्या अकरा सीड्या. आपण त्यांना काका म्हणू. काकांची सगळी नोकरी सांवेर रोडच्या कारखान्यांत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एक छंद घेतला : कॉम्प्युटरवरच्या नकाशात बंद पडलेल्या कारखान्यांची फाटकं, जुने वजनकाटे, चहाच्या टपऱ्या, बसचे थांबे अशा जागांवर टाचण्या लावायच्या आणि प्रत्येक टाचणीला दोन ओळींची टीप जोडायची. पुढे कॉम्प्युटर बदलला. नव्यात सीडीचा खण नव्हता आणि काम तिथेच थांबलं.

हे सगळं हार्ड डिस्कवर कसं आणलं आणि त्यात आमची एक मोठी चूक कशी झाली, ते इथे लिहितो. अनेकांच्या घरी अशी खोकी असतील. प्रोग्रामचं नाव मुद्दाम देत नाही. त्या काळच्या बहुतेक नकाशा-प्रोग्रामांना हीच पद्धत लागू पडते.

प्रोग्राम सीडी का मागायचा?

एका सीडीत साधारण ६५० ते ७०० एमबी मजकूर मावतो. नव्वदच्या दशकात घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असायची. त्यामुळे प्रोग्रामचा छोटा भाग हार्ड डिस्कवर उतरायचा आणि नकाशाचा भारी साठा सीडीतच राहायचा. नकाशा सरकवला की प्रोग्राम सीडीतून पुढचा तुकडा वाचायचा. तुकडा दुसऱ्या सीडीवर असला की ‘डिस्क २ घाला’ अशी पाटी यायची.

सांवेर रोडला हा त्रास हमखास व्हायचा, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटा पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत कापलेल्या असतात. इंदूर शहराचा मधला भाग ४६ एन/१४ या शीटवर येतो, सांवेर गाव ४६ एन/१३ वर. दोन्हींच्या मधली रेषा म्हणजे २२ अंश ४५ मिनिटं उत्तर अक्षांश. ही रेषा सांवेर रोडला आडवी छेदते. काकांच्या नकाशाचे तुकडेही याच चौकटीने पाडलेले होते. म्हणजे बाणगंगेकडून निघून सांवेरच्या उलट्या हनुमानाकडे जायचं, तर वाटेत सीडी बदलणं आलंच.

दुसरा मुद्दा वेगाचा. सीडीवर एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला वाचणाऱ्या भिंगाला साधारण शंभर मिलिसेकंद लागतात, हार्ड डिस्कला दहाच्या आसपास. नकाशाचे तुकडे विखुरलेले असल्याने हा फरक प्रत्येक वेळी जाणवतो. सीडीवर नकाशा ठिगळं लावल्यासारखा भरत जायचा, हार्ड डिस्कवर तो एकदम उभा राहतो.

हार्ड डिस्कवर आणायचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सरळ. काही प्रोग्राम बसवताना ‘पूर्ण’ किंवा ‘कस्टम’ असा पर्याय देतात. तो निवडला की नकाशाही हार्ड डिस्कवर उतरतो आणि पुन्हा सीडी लागत नाही. आधी हेच तपासावं.

दुसरा मार्ग म्हणजे सीडीतले सगळे फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून प्रोग्रामला नवा पत्ता सांगणं. हा पत्ता बहुतेक वेळा प्रोग्रामच्या फोल्डरमधल्या छोट्या मजकूर-फाइलीत किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत असतो. पण काही प्रोग्राम सीडीचं नावही बघतात. सीडी जळवताना तिला एक ‘लेबल’ दिलेलं असतं. नुसते फोल्डर कॉपी केले की ते लेबल मागे राहतं, आणि समोर सगळा नकाशा असूनही प्रोग्राम सीडी मागत बसतो.

तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यांत भरवशाचा वाटला : आयएसओ इमेज. ही अख्ख्या सीडीची जशीच्या तशी नक्कल असते, लेबल आणि फोल्डरांच्या रचनेसकट, आणि एकाच फाइलीत. विंडोज ८ पासून पुढे अशा फाइलीवर दोनदा क्लिक केलं की ती कॉम्प्युटरला खरी सीडी वाटते. यालाच ‘माउंट’ करणं म्हणतात. त्याआधीच्या विंडोजमध्ये यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. दोन इमेज एकाच वेळी माउंट करता येतात, म्हणजे आपल्या रस्त्याची दोन्ही शीटं एकत्र हाताशी.

माउंट केल्यावर ड्राइव्हचं अक्षर तपासा. जुन्या कॉम्प्युटरवर सीडी ‘डी’ असेल आणि आता इमेज ‘एफ’ झाली, तर प्रोग्राम ‘डी’मध्येच शोधत राहील. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर बदलता येतं. आमचा अर्धा दिवस याच एका अक्षरात गेला.

दोन अडथळे अजून आहेत. जुन्या प्रोग्रामांचे इन्स्टॉलर कधीकधी १६-बिटचे असतात, ते ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. आणि काही सीड्यांवर नक्कल रोखणारी कुलपं होती. त्यांपैकी सेफडिस्कसारखी कुलपं विंडोज १० ने स्वीकारणंच बंद केलं, त्यामुळे विकत घेतलेली अस्सल सीडीही तिथे अडते. अशा वेळी व्हर्च्युअल मशीन उपयोगी पडतं : आजच्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्यात जुनं विंडोज चालवायचं.

नक्कल करणं कायद्यात बसतं का, असं मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे घेतलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत सुरक्षिततेसाठी जपून ठेवायला मुभा आहे. वाटायला किंवा विकायला नाही. म्हणून इमेज मंडळाच्या वेबसाइटवर चढवलेल्या नाहीत आणि चढवणारही नाही.

आमची चूक

अकरापैकी नऊ सीड्या नीट वाचल्या गेल्या. एक तिसऱ्या प्रयत्नाला आली, एक गेलीच. नकाशा उघडला, रस्ता एका दमात सांवेरपर्यंत सरकवला, आणि काकांना फोन करून बोलावलं. ते आले, चष्मा पुसला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “अहो, पण माझ्या टाचण्या कुठायत?”

टाचण्या नव्हत्या. एकही नव्हती.

विचार केल्यावर कारण अगदी साधं निघालं. सीडीवर वापरणारा काही लिहू शकत नाही. काकांनी लावलेली प्रत्येक टाचणी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, एका वेगळ्या फाइलीत साठत होती. आम्ही सीड्या जपल्या, पण जे जपायचं होतं ते सीडीवर कधी नव्हतंच. आणि तो कॉम्प्युटर घराला रंग देताना भंगारात गेला होता.

अशीच गोष्ट मोठ्या पातळीवर इंग्लंडात घडता घडता वाचली. १९८६ साली, डूम्सडे बुक या १०८६ च्या जमीनपाहणीला नऊशे वर्षं झाली म्हणून, बीबीसीने देशाची नवी नोंद केली. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे तुकडे पाडले, आणि शाळांनी, गावकऱ्यांनी आपापल्या तुकड्याची माहिती आणि फोटो दिले. हे सगळं नकाशांसह बारा इंची लेझर डिस्कवर भरलं. पण ती वाचायला खास प्लेयर आणि बीबीसीचाच कॉम्प्युटर लागायचा. पंधराएक वर्षांत ही यंत्रं दुर्मीळ झाली. शेवटी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांनी २००२ च्या सुमारास जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर तयार केलं, आणि २०११ मध्ये गावकऱ्यांचा मजकूर वेबवर आला. नऊशे वर्षांपूर्वीचं चर्मपत्र मात्र या सगळ्या काळात कुणालाही नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होतं. आपल्याकडेही पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला दिलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल आज उघडायला कुठलंही यंत्र लागत नाही.

तिथे लोकांची भर डिस्कवरच होती, म्हणून ती वाचली. आमच्याकडे भर एकीकडे आणि डिस्क दुसरीकडे. म्हणून सांगतो : जुनी नकाशा-सीडी हातात आली तर आधी सीडीकडे नाही, जुन्या कॉम्प्युटरकडे धाव घ्या. तो चालू होत नसला तरी त्याची हार्ड डिस्क काढून, दहा-पंधरा सेंटीमीटरचं एक यूएसबी अॅडॉप्टर लावून नव्या कॉम्प्युटरला जोडता येते. वापरणाऱ्याच्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये आणि प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये, तारखेप्रमाणे लावून, शेवटी बदललेल्या फाइली शोधा. टाचण्या बहुधा तिथेच सापडतील. नकाशा दुसऱ्या कुणाकडेही मिळू शकतो, टीपा मिळत नाहीत.

मग काय केलं?

काकांच्या कपाटात तीन पानांचं एक प्रिंटआउट सापडलं. त्यावर बासष्ट टाचण्या दिसत होत्या, टीपा मात्र नव्हत्या. ती पानं स्कॅन करून क्यूजीआयएस या मोफत प्रोग्राममध्ये जागेवर बसवली. इथे एक सावधगिरी लागते. जुन्या भारतीय नकाशांचा पाया ‘एव्हरेस्ट’ मापनाचा आहे आणि आजच्या मोबाइलचा ‘डब्ल्यूजीएस ८४’चा. पाया न बदलता बसवलं तर आपल्या भागात जागा सुमारे शंभर मीटरने सरकते. सांवेर रोडवर शंभर मीटर म्हणजे फाटक थेट रस्त्यापलीकडच्या कारखान्याला लागतं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी, पोहे-जिलेबी झाल्यावर, काकांना गाडीत बसवून आम्ही एकेका टाचणीपाशी थांबलो. ते सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. बासष्टपैकी एकेचाळीस जागांच्या टीपा पुन्हा लिहून झाल्या आहेत. बाकीच्यांबद्दल ते म्हणतात, “आठवेल, थांबा जरा.”

आता प्रत्येक टीप अक्षांश-रेखांशासह साध्या सीएसव्ही फाइलीत आहे, जी कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडते. हार्ड डिस्कही एक दिवस जातेच, म्हणून दोन वेगळ्या घरांत दोन डिस्क ठेवल्या आहेत. दर दिवाळीला दोन्ही जोडून चेकसम पडताळायचा, म्हणजे एखादी फाइल गुपचूप खराब झाली असेल तर कळतं. आणि टीपांची एक प्रत कागदावर छापून मंडळाच्या कपाटात आहे.

तुमच्या घरी असं खोकं असेल तर ते फेकू नका. आणि त्याच्याबरोबरचा जुना कॉम्प्युटर तर भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. आधी मंडळात आणून दाखवा.